पाऊस आवडायलाच हवा का?

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बर्गन आणि आपली मुंबई यांच्यात हजारो किलोमीटरचं अंतर, पण वर्षाकाठी दोन्हीकडे पडणारा पाऊस जवळपास सारखाच : सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर. मुंबईत यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. बर्गनमध्ये तो बाराही महिने पडत राहतो, आणि वर्षातले दोनशेहून अधिक दिवस तिथे थोडाफार तरी पाऊस असतोच. साठ अंश उत्तर अक्षांशावरचं, सात डोंगरांनी वेढलेलं हे शहर इतक्या उत्तरेला असूनही फारसं गोठत नाही, कारण अटलांटिकचं उबदार पाणी आणि त्यावरून येणारे पश्चिमी वारे जानेवारीतलं सरासरी तापमानही शून्याच्या थोडं वरच ठेवतात. त्यामुळे भर हिवाळ्यातसुद्धा बर्फापेक्षा पावसाचीच गाठ अधिक पडते.

अशा हवेत माणसाने राहायचं कसं, याची दोन उत्तरं कानावर येतात. एक सांगतं, हवेशी भांडू नका, नीट कपडे घाला आणि बाहेर पडा. दुसरं सांगतं, हवेचा त्रास खरा आहे, तो धीराच्या गोष्टींनी झाकू नका. ही दोन्ही उत्तरं इथे मावशी आणि भाची या कल्पित पात्रांच्या तोंडी घातली आहेत. मावशी मूळची चिपळूणची, बर्गनमध्ये बालवाडीत शिकवण्यात तिची कित्येक वर्षं गेली. भाची दादरची, तिथल्या विद्यापीठात हवामानशास्त्र शिकायला आलेली, आणि खर्चाला हातभार म्हणून संध्याकाळी सायकलवरून घरोघर जेवण पोचवणारी. महिना नोव्हेंबरचा.

भाची : मावशी, मला पाऊस नवा नाही. दादरला हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून दप्तर डोक्यावर धरून घरी आलेय मी. पण आपल्या पावसाला आरंभ असतो तसा शेवटही असतो. मृगात यायचं, हस्ताला निरोप घ्यायचा, हे त्याचं ठरलेलं. पेरणी, वारी, नागपंचमी, गणपती, सगळं त्या चार महिन्यांत बसवलेलं. इथल्या पावसाला नक्षत्रच नाही. 2006 साली 29 ऑक्टोबरला लागला तो 2007च्या 21 जानेवारीपर्यंत रोज पडत होता, सलग 85 दिवस! संपायचा दिवस माहीत नसलेल्या गोष्टीची सवय कशी करायची?

मावशी : मी होते ना तेव्हा इथे. आणि नक्षत्रं नसली तरी त्याला चाल आहे हं. एप्रिल ते जून त्यातल्या त्यात कोरडे, सप्टेंबरपासून जोर धरतो आणि जानेवारीपर्यंत सोडत नाही. पण तुझं बरोबर आहे, उघडीप पडेल मग बाहेर जाऊ, असं इथे म्हणून चालत नाही. तसं म्हणणारा माणूस घरातच राहील. म्हणून आम्ही बालवाडीत पहिल्या दिवसापासून मुलांना बाहेर काढतो. दीड वर्षाचं पोरसुद्धा रोज बाहेर जातं. आत अंगालगत लोकर, वर पाण्याचा थेंब आत जाऊ न देणारा अख्खा पोशाख, पायात गमबूट. ती डबक्यात बसतात, चिखलाचे डोंगर रचतात. परत आली की कपडे सुकवायच्या कपाटात. त्यात गरम हवा फिरते, जेवण होईतो सगळं कोरडं. त्या मुलांना कुणी विचारलं, हवा कशी आहे, तर त्यांना प्रश्नच कळणार नाही.

भाची : मुलांचं मान्य. पण तूच आत्ता काय काय सांगितलंस बघ. लोकर, पोशाख, गमबूट, गरम हवेचं कपाट, कपडे घालून द्यायला पगारी माणसं. हे सगळं असेल तर पाऊस सोपा. मी आले तेव्हा माझ्याकडे दादरच्या पावसातला पातळ रेनकोट होता. इथे पाऊस वरून कमी आणि समोरून जास्त येतो. छत्री पहिल्याच वाऱ्यात उलटली. धड कपडे घ्यायला गेले तर किमती बघून परत फिरले. वर्गातली मुलं हसून म्हणाली, सवय होईल. सवय झाली नाही. एका मैत्रिणीने तिचा जुना लोकरीचा सदरा दिला, तेव्हा कुठे थंडी थांबली.

मावशी : मला का नाही सांगितलंस गं?

भाची : कारण तू म्हणाली असतीस, आमच्या चिपळूणच्या पावसापुढे हा काय!

मावशी : म्हणाले असते खरी. पण कपड्यांचं म्हणतेस, ती अक्कल इथल्या लोकांनाही आभाळातून मिळालेली नाही. पूर्वीचे खलाशी आणि कोळी भिजून मरायचे. 1877 साली हेली हान्सन नावाच्या एका कप्तानाने लिननच्या कापडावर जवसाचं तेल चढवून पाणी न शिरणारे कपडे करायला घेतले, त्याच्याच नावाने आजही ते विकले जातात. लोकर ओली झाली तरी ऊब धरते, हे आपल्या धनगरालाही माहीत. म्हणून तर तो पावसात घोंगडी घेऊन हिंडतो. पिढ्यान् पिढ्या भिजून शिकलेलं शहाणपण आहे हे. ते उचलायचं आणि बाहेर पडायचं. तू खोलीत बसून खिडकीकडे बघतेस, त्याने पाऊस दुप्पट वाटतो. रविवारी चल माझ्याबरोबर फ्लोयेनवर. जेमतेम 320 मीटर चढायचं. पावसात चढून आलीस की बघ मन कसं हलकं होतं.

भाची : चढेन की. पण चालण्याने उजेड येत नाही, मावशी. डिसेंबरात इथे सूर्य पावणेदहाच्या सुमाराला उगवतो आणि साडेतीनच्या आत-बाहेर मावळतो. सहा तासांहूनही छोटा दिवस, आणि तोही ढगाखाली. हिवाळाभर सूर्य इतका खाली असतो की त्वचेत ड जीवनसत्त्व तयारच होत नाही. आणि सावळ्या त्वचेला तेवढंच जीवनसत्त्व करायला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त ऊन लागतं. म्हणजे तोच पाऊस, तोच अंधार, पण माझ्या शरीराला त्याची किंमत जास्त पडते. वर्गातल्या मुलीला आणि मला एकच उपदेश करून कसं चालेल?

मावशी : म्हणून तर कॉडच्या यकृताचं तेल आहे. ज्या महिन्याच्या नावात ‘र’ येतो त्या महिन्यांत, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, रोज चमचाभर घ्यायचं, अशी इथली जुनी शिस्त. आपल्या लोकांनी तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावं आणि सांगितल्या गोळ्या घ्याव्यात.

भाची : बघ, म्हणजे औषध आहे. औषध आहे याचा अर्थ दुखणं आहे. मग पहिल्याच भेटीत ते का सांगत नाहीत? पहिल्या भेटीत सांगतात, हवा वाईट नसतेच, कपडे वाईट असतात. हे ऐकलं की ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही तो गप्प बसतो. त्याला वाटतं, आपणच कमी पडलो. हिवाळ्यात येणारी उदासी हा वैद्यकीय प्रश्न आहे, त्यावर सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसण्यासारखे उपचार आहेत. ते मागायला तोंड उघडावं लागतं. आणि हवा वाईट नसतेच असं ठरवून टाकलं की तोंडच बंद होतं.

मावशी : हे मात्र मी पाहिलंय. बाहेरून आलेल्या आया मुलाला सोडायला येतात आणि दारातच रडतात. मी त्यांना धीर देते.

भाची : धीर हवाच. पण आधी दिव्याचं सांग.

मावशी : बरं, सांगेन. पण मला एक कळत नाही. तू हवामानाचा अभ्यास करायला मुद्दाम या गावात आलीस. ज्या पावसाला तू नावं ठेवतेस त्यानेच ते शास्त्र इथे जन्माला घातलं ना?

भाची : तिथेच तर माझा मुद्दा आहे! ते शास्त्र पावसाच्या प्रेमातून जन्मलेलं नाही, ते पोटाच्या काळजीतून आलं. 1917 साली हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म बियर्कनेस लाइपझिग सोडून बर्गनला आले. पहिलं महायुद्ध चालू होतं. हवामानाच्या बातम्या म्हणजे लष्करी गुपित, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या हवामानाच्या तारा बंद पडलेल्या. नॉर्वे लढाईत नव्हता, पण धान्य येणं अवघड झालेलं. देशातलं पीक पावसात सडू न देता घरात आणायचं तर शेतकऱ्याला उद्याचं हवामान सांगायला हवं. म्हणून 1918च्या उन्हाळ्यात त्यांनी पश्चिम किनाऱ्यावर निरीक्षकांचं दाट जाळं उभारलं. दीपगृहाचे रखवालदार, कोळी, अशी माणसं वारा, ढग, दाब कळवू लागली. त्या नोंदी नकाशावर मांडताना विल्हेल्म यांचा विशीतला मुलगा याकोब याला दिसलं की गरम आणि थंड हवा एकमेकींत सहज मिसळत नाहीत, त्यांच्यात धारदार सीमा असते आणि पाऊस त्या सीमांवर पडतो. 1919 साली त्याने ते मांडलं. मग हाल्वोर सुलबर्ग, तूर बर्येरून यांच्यासारखे तरुण भिडले. वादळं एकेकटी येत नाहीत, त्यांची कुटुंबंच्या कुटुंबं एकामागून एक येतात, हेही इथेच उलगडलं. एक पाऊस संपतो न संपतो तोच दुसरा का येतो, याचं उत्तर या गावाने जगाला दिलं.

मावशी : किती भरभरून बोलतेस गं! मग हे गाव तुला आवडत नाही असं कसं म्हणतेस?

भाची : समजून घेणं वेगळं आणि त्यात राहणं वेगळं. याकोब बियर्कनेस पुढे अमेरिकेत गेले आणि 1969 साली त्यांनी आपल्याशी नातं असलेली मोठी गोष्ट जुळवली. आपल्याकडे 1904 ते 1924 या काळात गिल्बर्ट वॉकर वेधशाळांचे प्रमुख होते. मान्सून दगा का देतो हे शोधताना त्यांना प्रशांत आणि हिंद महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा चढउतार सापडला होता. याकोबनी तो चढउतार समुद्राच्या तापण्याशी, एल निनोशी जोडला आणि हवेच्या त्या प्रचंड चक्राला वॉकर यांचं नाव दिलं. आज मराठवाड्यातला शेतकरी मे महिन्यात एल निनोची बातमी ऐकून बियाण्याचा विचार करतो, त्यामागे वॉकरांचं शिमला आणि बियर्कनेसांचं बर्गन, दोन्हीकडचं डोकं आहे. पण दोन्हीकडे कामाची सुरुवात एकाच प्रश्नापासून झाली : पावसामुळे माणसांचे हाल होतात, ते कमी कसे करायचे? हाल होतच नाहीत असं म्हटलं असतं तर हे शास्त्र उभं राहिलं असतं का?

मावशी : हाल होतात हे मी नाकारत नाही, बाळा. माझं म्हणणं एवढंच की पावसाची देणगीही बघ. समोरचा दिवा, हीटर, तुझा लॅपटॉप, सगळं पावसावर चालतं. या देशातली बहुतेक वीज धरणांच्या पाण्याची. आपल्या कोयनेचं इथे देशभर झालंय. 2022 साली दक्षिण नॉर्वेत पाऊस कमी पडला, तळी खाली गेली. त्यात युरोपभर इंधनाची टंचाई, आणि विजेची बिलं अशी आली की लोक घरात स्वेटर घालून बसले. त्या उन्हाळ्यात आभाळाकडे बघणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली इथे. आणि 2010चा जानेवारी आठव, म्हणजे तू कुठली आठवणार! आठवडेच्या आठवडे निरभ्र, कडक थंडी. सगळे म्हणाले, काय सुंदर हवा. आणि खाली गाड्यांच्या धुराने श्वास घेणं अवघड झालं. सम-विषम नंबरप्रमाणे गाड्या सोडाव्या लागल्या.

भाची : आम्हाला शिकवतात ते. वारा पडला आणि आकाश स्वच्छ असलं की रात्री जमीन भराभर थंड होते, थंड जड हवा डोंगरांच्या मध्ये तळाशी बसते आणि वरची उबदार हवा तिला झाकून टाकते. धूर वर जायला वाटच उरत नाही. सात डोंगर पाऊस आणतात तसे धूरही अडवतात.

मावशी : मग पाऊस आला आणि हवा धुऊन निघाली. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याचे आभार मानले.

भाची : आभार मानायला माझी हरकत नाही. मला भीती वाटते ती ‘आम्हाला सवय आहे’ या शब्दांची. 2005 साल घे. 26 जुलैला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईला काय पावसाची सवय नव्हती? लोक नेहमीसारखे ऑफिसला गेले आणि कितीतरी जण परत आलेच नाहीत. त्याच वर्षी 14 सप्टेंबरला इथे दिवसात 156.5 मिलिमीटरची नोंद झाली. आपल्याला हा आकडा काहीच नाही वाटणार. कोकणात तेवढ्या पावसात लोक भात लावतात. पण बर्गनसाठी तो विक्रम होता. हात्लेस्ताद भागात रात्रीच्या वेळी डोंगराची माती घरांवर आली आणि तीन माणसं गेली. युरोपातल्या सर्वांत ओल्या शहरांपैकी एक, आणि पावसानेच घात केला. कारण सवय म्हणजे कालपर्यंतच्या पावसाची तयारी. उद्याचा पाऊस वेगळा आला की ती अपुरी पडते. आणि तो वेगळा येतोय. 1961 ते 1990 या तीस वर्षांची इथली सरासरी 2,250 मिलिमीटर होती, आताची अडीच हजारांच्या जवळ पोचली आहे.

मावशी : हात्लेस्तादची रात्र मी विसरू शकत नाही. सकाळी बालवाडीत कुणाला बोलता येत नव्हतं. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, 2004 साली, पिण्याच्या तलावात सांडपाणी शिरून जिआर्डिया या परजीवीची साथ आली होती. हजारो माणसं आजारी पडली. उशाशी एवढं पाणी, आणि उकळल्याशिवाय पिता येईना. त्यानंतर पाण्याची शुद्धीकरण व्यवस्था बदलली. तुझं म्हणणं खरं आहे. माझं चिपळूणसुद्धा 22 जुलै 2021ला बुडालं तेव्हा सगळे हेच म्हणत होते, वाशिष्ठीला पूर येतोच, सवय आहे. आणि पाणी पहिल्या मजल्यावर गेलं.

भाची : आईने तो दिवस फोन हातात धरून काढला होता.

मावशी : पण मग मी तुला इथली दुसरी एक गोष्ट सांगते, तुझ्या अभ्यासाला उपयोगी पडेल. ब्रिगेनच्या जुन्या धक्क्यावरची ती रंगीत लाकडी घरं आहेत ना, हान्सा या जर्मन व्यापारी संघाची, 1979 पासून युनेस्कोच्या यादीत असलेली. त्यांच्याखाली मध्ययुगापासूनच्या लाकडाचे कित्येक मीटर जाडीचे थर आहेत. ते इतकी शतकं टिकले कसे? पाण्यात बुडून राहिले म्हणून. हवा लागली नाही, म्हणून कुजले नाहीत. मग शेजारी नवं बांधकाम झालं, जमिनीखालचं पाणी तिकडे झिरपून उतरलं, लाकडाला हवा लागली आणि ते सडायला लागलं. वरची घरं खचायला लागली. या गावात पाऊस कमी पडला म्हणून नव्हे, पडलेला पाऊस नळातून सरळ समुद्रात घालवला म्हणून! शेवटी लोकांनी काय केलं? पाणी जिरेल अशी फरसबंदी केली, उथळ हिरवे चर खणले, पावसाला पुन्हा जमिनीत जाऊ दिलं. पाणी वर आलं, खचणं मंदावलं. म्हणजे पावसाशी वैर धरलं तिथे नुकसान झालं, त्याला जागा दिली तिथे घर वाचलं.

भाची : हे मला फार आवडलं. पण तू ‘जागा दिली’ म्हणतेस, त्यामागे काय आहे बघ. मोजमाप आहे, पैसा आहे, चूक कळल्यावर ती दुरुस्त करणारी यंत्रणा आहे. ती घरं बघताना मला दुसरंच काही दिसलं. लाकडी गोदामांत आगीच्या भीतीने चूल पेटवायला, शेकोटी करायला बंदी होती. उत्तरेच्या लोफोटेनमधून आलेला सुका कॉड तोलायचा, रचायचा, तोही या दमट थंडीत, विस्तवाशिवाय. म्हणून त्यांनी मागच्या बाजूला वेगळ्या सभागृहांत चुली घातल्या. हिवाळ्यात सगळे तिथे जमायचे, जेवायचे, पोरं तिथेच शिकायची. म्हणजे तेव्हाही कुणी असं म्हटलं नाही की खरा व्यापारी थंडीला घाबरत नाही. सगळ्यांनी मिळून ऊब बांधली.

मावशी : हं. ऊब बांधली.

भाची : आणि आता सांग, आज ती कुणाला मिळते? तू पावसात डोंगर चढतेस ते मनाने. दमलीस की खाली येतेस, घर गरम असतं. मी पावसात सायकल चालवते ते कामासाठी. भिजले म्हणून परत फिरता येत नाही. एका दारात डबा देऊन दुसऱ्या दारात जायचं, मधे कुठे उभं राहायला छप्पर नाही, हातमोजे सुकवायला कपाट नाही. तुझ्या बालवाडीत दीड वर्षाच्या मुलाला जे मिळतं ते रस्त्यावर काम करणाऱ्या मोठ्या माणसाला मिळत नाही. मुंबईत तर विचारूच नको. पावसात गटार उघडायला उतरणारा माणूस, भाजीची पाटी घेऊन बसलेली बाई, चौकातला हवालदार, यांना आपण मुंबईचं स्पिरिट म्हणतो आणि गमबूट द्यायला विसरतो. पाऊस आवडतो असं म्हणणारे बहुतेक जण कोरड्या जागेवरून बोलत असतात, मावशी. हे रागाने नाही म्हणत. पण पावसाची गोष्ट सांगताना कोण कुठे उभं आहे हे सांगायला हवं.

मावशी : लागलं मला हे. थांब, विचार करू दे. उल्रिकेन डोंगरावर जायच्या त्या दगडी पायऱ्या आहेत ना, हजाराहून जास्त, ज्यावरून आम्ही हौसेने चढतो, त्या नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचल्या आहेत. एकेक धोंडा उचलून. मी कितीदा चढले, पण पावसात तो धोंडा बसवणाऱ्याचे हात माझ्या मनात आले नव्हते.

भाची : मावशी, मी तुला दोष देत नाहीये.

मावशी : नाही गं, मला आजी आठवली. तुझी आजी, माझी आई. मे संपत आला की आमच्याकडे आगोटीची घाई. वर्षाचं तांदूळ-कुळीथ भरायचं, मिरच्या, कोकमं, सुके बोंबील डब्यात घट्ट बांधायचे. लाकडं आणि शेणी पडवीत रचायच्या. कौलं शेकारून घ्यायची, पावळीला झडपा बांधायच्या. लावणीला जाणाऱ्या प्रत्येक बाईला स्वतःचं इरलं हवं, ते फाटलं असेल तर आधी नीट करायचं. शेजारणी एकमेकींना विचारायच्या, काय गं, बेगमी झाली का? ज्या घरात झालेली नसेल त्या घरी पायलीभर तांदूळ, चार ओझी लाकडं जायची. आणि तुला सांगते, मी आईला आयुष्यात कधी विचारलं नाही, तुला पाऊस आवडतो का. कुणीच विचारायचं नाही. तो प्रश्नच नव्हता. प्रश्न होता बेगमीचा.

भाची : मावशी, हेच! मला हेच म्हणायचं होतं आणि मी इतका वेळ सरासऱ्या सांगत बसले. पाऊस आवडावा असा कुणी माझ्यावर आग्रह धरू नये. मला त्यात नीट जगता यावं, याची तजवीज असावी. आणि ती तजवीज माझ्या एकटीच्या हिमतीवर सोडू नये.

मावशी : पण हिंमत लागतेच. सगळं दिलं आणि माणूस दाराबाहेर पडलाच नाही तर? सुकवायचं कपाट आहे म्हणून मूल आपोआप बाहेर जात नाही. पहिल्या दिवशी रडतंच. मी हात धरून नेते. तो हात धरणं, चल म्हणणं, हेही तजविजीतलंच नाही का?

भाची : आहे. हात धरायला माझी ना नाही. फक्त रडणाऱ्या मुलाला ‘तू रडतोस कारण तुझे कपडे चुकले’ असं म्हणू नये.

मावशी : नाही म्हणणार. पुढच्या आठवड्यात नव्या पालकांची बैठक आहे. काही युद्धातून निसटून आलेले, काही कामासाठी आलेले. दर वर्षी मी त्यांना एकच वाक्य सांगते, घाबरू नका, सवय होईल. या वेळी वेगळं बोलेन. सांगेन की इथला अंधार आणि पाऊस अवघड आहे, तुम्ही कमजोर नाही. अंगाला लोकर कुठली, ती जुनी आणि स्वस्त कुठे मिळते. मुलांचे मागच्या वर्षीचे पोशाख आमच्याकडे पडून असतात, ते बैठकीतच मांडून ठेवेन, ज्याला बसेल त्याने न्यावा. ड जीवनसत्त्वाचं स्पष्ट सांगेन, बाळासाठी आणि आईसाठीही. मन सारखं खाली जात असेल तर डॉक्टरला सांगा, इथे त्यात लाज नाही, हेही सांगेन. आणि रस्त्यावर, बांधकामावर काम करणाऱ्यांना म्हणेन, ओले कपडे आणि थंड हात हा तुमच्या नशिबाचा भाग नाही, मालकाशी बोला, संघटनेत जा.

भाची : मीही येऊ का? दहा मिनिटं दे मला. हवामानाचा अंदाज कसा वाचायचा ते दाखवेन. इथल्या हवामान संस्थेची ‘यर’ ही सेवा फुकट आहे, तासातासाचा पाऊस दाखवते. दोन वादळांच्या मधली उघडीप कधी पडणार ते कळलं की मूल घेऊन बाजारात जायची वेळ ठरवता येते. आणि वरच्या डोंगरउतारावर राहणाऱ्यांना माती घसरण्याचा इशारा कुठे येतो तेही. सलग पाऊस झाल्यावर तो बघायचाच.

मावशी : ये की. तुझी भाषा अजून अडखळते, मी सांभाळून घेईन. पण एक सांगते. हे सगळं झाल्यावर मी त्यांना म्हणणार आहे, मला हा पाऊस आवडतो. ते खोटं नाही. इतक्या वर्षांनी मला खरंच आवडतो.

भाची : म्हण ना, मावशी. मलाही कधी आवडेल कदाचित, नाही आवडला तरी मी माझं शिक्षण पुरं करीन. फक्त आधी ते पोशाख वाटून होऊ देत.